पोस्टग्रेसच्या शोधात ‘वर’ आणि ‘कर’ हरवू नयेत म्हणून

विवाहविषयक जाहिरातींच्या डेटाबेसमध्ये कोणी ‘वर पाहिजे’ शोधलं आणि तुमच्या स्टॉपवर्डच्या, म्हणजे शोधातून गाळायच्या शब्दांच्या, यादीत ‘वर’ असेल, तर शोधात फक्त ‘पाहिजे’ उरतं. मग ‘वधू पाहिजे’वाल्या जाहिरातीही पुढ्यात येतात. महापालिकेच्या ठरावांत ‘पाणी कर’ शोधताना ‘कर’चं तेच होतं. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या ‘इंग्लिश’ कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे इंग्रजी शोधाच्या नियमसंचात, ‘इट’, ‘विल’, ‘नॉट’, ‘हू’ हे सगळे स्टॉपवर्ड आहेत. त्यामुळे तिथे आयटी विभाग सापडत नाही (रोमन लिपीत ‘आयटी’ आणि ‘इट’ एकच), मृत्युपत्र या अर्थाचं ‘विल’ सापडत नाही, ‘द हू’ हा ब्रिटिश बँडही नाही.

आधी खात्री करून घ्या. संशयित शब्द ‘टीएस_डीबग’ या तपासणीच्या फंक्शनला द्या. लेक्सीमच्या (शोधासाठी उरलेल्या शब्दरूपाच्या) रकान्यात महिरपी कंस रिकामे दिसले, तर तो शब्द स्टॉपवर्ड म्हणून गळतोय. संपूर्ण शोधच स्टॉपवर्डचा असेल, तर साध्या मजकुरातून शोधाची क्वेरी बनवणारं ‘प्लेनटू_टीएसक्वेरी’ फंक्शन रिकामी क्वेरी देतं आणि सोबत नोटीस येते. ॲप्लिकेशनमध्ये ती नोटीस कुणाच्या नजरेला पडत नाही. वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की काही सापडलं नाही.

इंडेक्स करताना, म्हणजे मजकुरातल्या शब्दांची शोधसूची बनवताना, एकही शब्द गाळू नका, गाळायचं ते शोधताना गाळा, हीच मांडणी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. इंडेक्समधून गाळलेला शब्द सगळा मजकूर पुन्हा इंडेक्स केल्याशिवाय परत येत नाही. क्वेरीतून गाळलेला शब्द पुढच्याच क्वेरीत परत घेता येतो.

त्यासाठी दोन कॉन्फिगरेशन लागतील. दोन्ही पोस्टग्रेसच्या तयार ‘सिंपल’ कॉन्फिगरेशनची प्रत काढून बनवा. पहिलं, ‘पूर्ण’, मराठीसाठी आहे तसंच ठेवा, कारण त्यातली ‘सिंपल’ डिक्शनरी (शब्द ठेवायचा की गाळायचा ते ठरवणारा भाग) मुळात काहीच गाळत नाही. दुसऱ्यासाठी, म्हणजे ‘गाळीव’साठी, ‘सिंपल’ टेम्प्लेटवर नवी डिक्शनरी करा, तिच्या ‘स्टॉपवर्ड्‌स’ पर्यायात तुमच्या फाइलचं नाव द्या आणि ‘वर्ड’, ‘एचवर्ड’, ‘एचवर्ड_पार्ट’ हे टोकनप्रकार (मजकूर तोडून मिळणाऱ्या तुकड्यांचे प्रकार) तिला जोडा. देवनागरी शब्द याच प्रकारांत पडतात. मजकुरात इंग्रजी मिसळलेली असेल, तर ‘पूर्ण’मध्ये ‘आस्कीवर्ड’ (निव्वळ रोमन अक्षरांचे शब्द) आणि त्याचे जोडशब्दांचे भाऊबंद ‘स्नोबॉल’ टेम्प्लेटवरच्या इंग्लिश डिक्शनरीला जोडा, पण तिथे स्टॉपवर्डचा पर्याय देऊ नका. ‘गाळीव’मध्ये नेहमीची ‘इंग्लिश_स्टेम’ चालेल. स्टेमिंग, म्हणजे शब्दाचे प्रत्यय काढून त्याला मूळ रूपावर आणणं, दोन्हीकडे एकच हवं, नाहीतर शब्द एकमेकांना भेटणारच नाहीत.

स्टॉपवर्डची फाइल सर्व्हरच्या शेअर डिरेक्टरीतल्या ‘टीसर्च_डेटा’ फोल्डरमध्ये जाते. एन्कोडिंग यूटीएफ-8, ओळीला एक शब्द. फाइलच्या नावात फक्त रोमन लहान अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतात, शेवटी ‘.स्टॉप’ हे एक्स्टेन्शन रोमन लिपीत. सर्व्हरवर फाइल ठेवायची मुभा नसेल, तर तेवढंच गाळण ॲप्लिकेशनमध्ये करा.

यादीत काय घालायचं? कुठून तयार यादी आणून चिकटवू नका. शब्दांची आकडेवारी देणाऱ्या ‘टीएस_स्टॅट’ फंक्शनला ‘पूर्ण’चा टीएसव्हेक्टर (मजकुरातल्या शब्दांची यादी) देणारी क्वेरी द्या आणि ‘एनडॉक’प्रमाणे, म्हणजे शब्द किती नोंदींत आला त्याप्रमाणे, उतरत्या क्रमाने वरचे 50 शब्द काढा. मग एकेक शब्द वाचा. ‘आणि’, ‘व’, ‘हे’, ‘आहे’ बिनधास्त घाला. ‘वर’, ‘कर’, ‘पण’ यांना दुसरा अर्थ आहे, तेव्हा तुमच्या मजकुरात तो येतो का ते बघूनच ठरवा. ‘नाही’ आणि ‘न’ आम्ही कधीच घालणार नाही. ‘पाणी येत नाही’ या तक्रारीतून ‘नाही’ काढलं, तर तक्रार उरते कुठे?

अक्षरांकडेही लक्ष असू द्या. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ कुठे एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) असतो, तर कुठे ‘र’ला नुक्ता जोडलेला. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण बाइट वेगळे असल्याने यादीशी जुळत नाही. अशी रूपं एकसारखी करणारं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन पोस्टग्रेसच्या आवृत्ती 13 पासून आहे. मजकूर आणि शोधशब्द दोन्ही त्यातून काढा.

शोधताना आधी ‘गाळीव’ने क्वेरी बनवा आणि तिचा ‘नमनोड’ (क्वेरीतल्या शब्द-चिन्हांची संख्या) पाहा. तो 0 आला, तर तोच शोध ‘पूर्ण’ने पुन्हा बनवा. उलटी जोडी मात्र कधीही करू नका. इंडेक्स ‘इंग्लिश’चा आणि क्वेरी ‘सिंपल’ची असली, की क्वेरी ‘द’ हा शब्द मागते, इंडेक्समध्ये तो नसतो आणि निकाल शून्य येतो. ‘चालत होतं, अचानक बंद पडलं’ अशा तक्रारीत आधी हेच तपासा.

वाक्प्रयोग शोधताना गळलेल्या शब्दांची जागा मोजली जाते. ‘द कॅट इन द हॅट’ इंग्लिश कॉन्फिगरेशनमध्ये ‘कॅट’नंतर तिसऱ्या जागी ‘हॅट’ एवढंच उरतं, म्हणून ‘कॅट ऑन अ हॅट’सुद्धा जुळतं. नेमका वाक्प्रयोग हवा असेल, तर क्वेरी थेट ‘पूर्ण’ने बनवा.

यादी नंतर बदललीत, तर चालू सेशन जुनीच यादी धरून बसतात. ‘ऑल्टर टेक्स्ट सर्च डिक्शनरी’ला एखादा नसलेला पर्याय, उदाहरणार्थ ‘डमी’, किंमत न देता दिलात की फाइल नव्याने वाचली जाते. इंडेक्स ‘पूर्ण’चा असल्याने त्याला हात लावावा लागत नाही.