अनोळखी पीसीबी फाइल हातात आली? या चुका टाळा

दुसऱ्याचं पीसीबीचं (छापील सर्किट बोर्डाचं) डिझाइन आलं की नवशिक्यांचा हात आधी कन्व्हर्टरकडे जातो. फाइल कशाची आहे हे कळायच्या आत तिचं दुसरंच काहीतरी करून झालेलं असतं, आणि मग 'उघडत नाही' म्हणून मला फोन!

एक्स्टेंशनवर जाऊ नका. बोर्ड डिझाइनची सॉफ्टवेअर अनेक आहेत: '.बीआरडी' ईगलची असते, अलेग्रोची असते आणि फार जुन्या कीकॅडचीही असते. '.डीएसएन' म्हणजे ऑरकॅडचं स्कीमॅटिक (सर्किटचा आराखडा) किंवा ऑटोराउटरला, म्हणजे जोडण्या आपोआप आखणाऱ्या प्रोग्रामला, द्यायची स्पेक्ट्रा फाइल. मी कुठलीही फाइल आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतो. ईगल ६ पासूनच्या फाइली एक्सएमएल आहेत, नाव वरच्या ओळींतच सापडतं. कीकॅडची आजची बोर्ड फाइल कंसाने सुरू होते आणि लगेच आपलं नाव सांगते. सुरुवातीला 'पीके' दिसलं तर ती बहुतेक झिप आहे. नुसती अगम्य चिन्हं दिसली तर बायनरी. अल्टियम, अलेग्रो अशांचा संशय घ्यायचा. एक्स्टेंशन बदलून फॉरमॅट बदलत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

आता माझं खरं दुखणं: ड्रिल फाइल, म्हणजे बोर्डावर भोकं कुठे पाडायची ते सांगणारी फाइल. तिचा नेहमीचा फॉरमॅट एक्सेलॉन. जुन्या एक्सेलॉन फाइलींत दशांश चिन्ह नसतं, आणि हेडर गायब असेल तर इंच की मिलिमीटर, कुठले शून्य गाळलेत, हे व्ह्यूअर अंदाजाने ठरवतो. एका प्रोजेक्टमध्ये अशीच फाइल आली. भोकं पॅडवर (पार्ट जिथे सोल्डर होतो त्या तांब्याच्या ठिपक्यांवर) बसेनात, सगळी एका कोपऱ्यात गोळा झालेली. ज्युनिअरने काय करावं? लेअर मोठा करत करत नजरेने जुळवला आणि तसाच एक्सपोर्ट करून बोर्ड बनवायला पाठवला. आकडा वापरला २.५. फाइल होती इंचात, चार दशांश स्थळांची. व्ह्यूअरने ती मिलिमीटरमध्ये, तीन स्थळांची म्हणून वाचली होती. म्हणजे खरा फरक २.५४ पट. ओरिजिनजवळची भोकं छान बसली, म्हणून कुणाला शंका आली नाही. १०० मिलिमीटरवरच्या कनेक्टरला मात्र दीड मिलिमीटरहून जास्त चूक. सगळे बोर्ड भंगारात.

स्केलच्या बटणाला हात लावायचाच नाही. फॉरमॅट शोधायचा. आकड्यांकडे नीट बघा: 'एक्स ०१२५' असं पुढचं शून्य दिसतंय, म्हणजे मागची शून्यं गाळली आहेत; इंच २:४ (दशांश चिन्हाआधी दोन आकडे, नंतर चार) असेल तर ते १.२५ इंच. उलटं वाचलंत तर ०.०१२५. आणखी एक मेख आहे. एक्सेलॉनच्या हेडरमधलं 'एलझेड' म्हणजे पुढची शून्यं ठेवली आहेत. गर्बरच्या, म्हणजे बोर्डाचे थर कारखान्याला सांगणाऱ्या फाइलीच्या, फॉरमॅट ओळीतलं 'एल' म्हणजे ती गाळली आहेत. ज्याने हे ठरवलं त्याला माझा नमस्कार.

इम्पोर्टने एरर दिली नाही म्हणजे काम झालं, असंही समजू नका. कॉपर झोन (तांब्याने भरलेले भाग) पुन्हा भरा, क्लिअरन्स (दोन जोडण्यांमधलं अंतर) आणि नेट क्लास (जोडण्यांच्या गटांचे नियम) तपासा, डीआरसी (डिझाइनचे नियम पाळलेत का याची तपासणी) चालवा. मूळ बोर्डाचे गर्बर असतील तर नव्या बोर्डाचे काढून एकावर एक ठेवून बघतो. इम्पोर्टरने गिळलेलं तिथे दिसतं.

बाकीच्या थोडक्यात. डीएक्सएफमध्ये (कॅड ड्रॉइंगच्या फाइलीत) युनिट लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून एक माहीत असलेलं माप मोजून घ्या. कीकॅडच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडणार नाही. रडू नका, अपडेट करा. ग्राहकाचं डिझाइन कुठल्याही फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. मूळ फाइल रीड-ओन्ली करून बाजूला ठेवा.

आणि पाठवणाऱ्याला विचारायची लाज कसली? सॉफ्टवेअर कोणतं, आवृत्ती कोणती, स्कीमॅटिकची पीडीएफ आहे का, एवढं मी पहिल्याच मेलमध्ये विचारतो. 'आमच्याकडे फक्त गर्बर आहेत' असं उत्तर आलं, तर त्यात स्कीमॅटिक नाही आणि बहुतेक वेळा नेटची नावंही नाहीत. 'छोटा बदल' म्हणून ते काम घेऊ नका. नव्याने डिझाइन करायचा वेळ धरूनच कोटेशन द्या.