बटाट्याच्या पट्ट्यांतून परासरण

परासरण म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, म्हणजे पटलातून, पाणी कमी मिठाच्या बाजूकडून जास्त मिठाच्या बाजूकडे जाणं. ते पाहायला दादरच्या मंडईतून कडक बटाटा निवडून आणा. मऊ पडलेल्यातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, फरक नीट दिसत नाही. साल काढून 5 सेंटिमीटर लांब, 1 सेंटिमीटर जाड अशा दोन पट्ट्या कापा. दोन ग्लासांत 100-100 मिलिलीटर पाणी घ्या, एकात 10 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. पट्ट्या बुडवून दोन तास ठेवा, मग टिपकागदाने टिपून मोजा. न टिपता वजन केलंत तर आकडे फसवतात.

मिठातली पट्टी लिबलिबीत होते, बोटावर सहज वाकते. पेशींतलं पाणी पटलातून बाहेर गेलेलं असतं. साध्या पाण्यातली ताठ राहते, वाकवली तर कट्‌कन मोडते. उकडलेला बटाटा मात्र नको, त्याची पेशीपटलं फाटलेली असतात.