युरिक ॲसिड सहाच्या खाली कसं आणावं आणि तिथेच कसं ठेवावं

मामांना पहिला झटका आला तो रात्री दोनच्या सुमारास. झोपेपर्यंत पायाची काही तक्रार नव्हती. जाग आली ती उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आग पेटल्यासारखी कळ आल्यामुळे. अंगठा लालबुंद झालेला, कातडी सुजेने ताणून चकाकत होती. थंडी वाजत असेल म्हणून मी पायावर पातळ चादर टाकायला गेले, तर ते कळवळून ओरडले, “चादर काढ!” तिचा नुसता स्पर्शही त्यांना सोसवत नव्हता. हा गाउट, म्हणजे रक्तात वाढलेल्या युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साचून होणारा संधिवात. त्याचा झटका सोसलेल्या कुणालाही विचारा, चादरीची अशी आठवण निघतेच.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून मामांनी डाळी बंद केल्या. पालक, फ्लॉवर, मटार, मशरूमही गेले. सहा महिने त्यांनी हे मनापासून पाळलं. नाश्त्याबरोबरचा बाटलीतला फळांचा रस मात्र रोज चालूच होता, कारण तो फळांचा! सहा महिन्यांनी रक्त तपासलं, तर युरिक ॲसिडचा ८.९ चा आकडा ९.१ झालेला. त्यांचे ते कष्ट आठवले की मला अजून वाईट वाटतं. युरिक ॲसिड वाढलेल्या माणसाची मेहनत नको तिथे खर्च होऊ नये, म्हणून काय करायचं ते क्रमाने लिहिते आहे.

१. आधी हा गाउटच आहे का, ते पक्कं करा

रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड जास्त आलं म्हणजे गाउट झाला असं होत नाही. आकडा वाढलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकदाही झटका येत नाही. त्रास काहीच नसेल, तर सहसा औषधही लागत नाही. खाणंपिणं सुधारायचं आणि मूत्रपिंड, रक्तदाब, साखर यांवर लक्ष ठेवायचं.

याच्या उलटही घडतं. ऐन झटक्यात तपासलं तर युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. तेवढ्यावरून ‘गाउट नाही’ असं ठरवू नका. झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि सोबत क्रिएटिनिनही करून घ्या, म्हणजे मूत्रपिंडं कशी काम करतात ते कळेल. सर्वात खात्रीची तपासणी म्हणजे सुजलेल्या सांध्यातलं थोडं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. त्यात सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले, की शंका उरत नाही.

२. सहाचा आकडा कुठून आला, ते समजून घ्या

आपल्या पेशी सतत मोडत असतात आणि नव्या तयार होत असतात. या मोडतोडीतून प्युरिन नावाचे घटक सुटतात आणि त्यांचं शेवटी युरिक ॲसिड होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये ते पुढे मोडणारं एक एन्झाइम असतं; माणसात ते उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालं. त्यामुळे हा कचरा आपल्याला मुख्यतः लघवीवाटे आणि थोडा आतड्यांवाटे बाहेर टाकावा लागतो. रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश शरीराच्या आतूनच येतं, अन्नातून येतं ते सुमारे एक तृतीयांश. शिवाय गाउटच्या बहुतेक रुग्णांमध्ये खरी अडचण मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत ही असते. अनेकदा हा दोष आनुवंशिक असतो. तेव्हा घरातल्या रुग्णाला ‘खाण्याचे चोचले पुरवलेस म्हणून झालं’ असं कृपा करून म्हणू नका.

शरीराच्या तापमानाला रक्तात डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम युरिक ॲसिड विरघळून राहतं. त्याच्या वर गेलं, की त्याचे क्षार सांध्यांत स्फटिक होऊन साचू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असतो आणि थंडाव्यात हे क्षार कमी विरघळतात, म्हणून पहिली पाळी बहुधा त्याच्यावरच येते. रक्तातला आकडा ६ च्या खाली टिकला, की नवे स्फटिक बनत नाहीत आणि जुने हळूहळू विरघळू लागतात. कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर खड्यांसारख्या गाठी आल्या असतील, तर ५ च्या खालचं लक्ष्य ठेवतात. बऱ्याच प्रयोगशाळा पुरुषांसाठी ७ पर्यंतचा आकडा नॉर्मल म्हणून छापतात. गाउट झालेल्यांनी मात्र रिपोर्टवरची ती मर्यादा न धरता सहाचा आकडा धरून चालावं.

३. सुरुवात ग्लासापासून करा

ताटातला एकही पदार्थ कमी करण्याआधी दिवसभरात काय पिता ते आठवडाभर वहीत लिहा. मामांच्या घरी हे आम्ही केलं आणि दुसऱ्याच दिवशी चोर सापडला.

साखर घातलेली शीतपेयं आणि फळांचे रस यांत फ्रुक्टोज भरपूर असतं. यकृतात फ्रुक्टोज पचताना पेशींमधलं ऊर्जेचं चलन झपाट्याने खर्च होतं आणि त्याच्या अवशेषांचंच युरिक ॲसिड बनतं. म्हणजे या पेयात प्युरिन जवळजवळ नसलं तरी आकडा वाढतो. पथ्याच्या याद्या प्युरिनवर बेतलेल्या असल्यामुळे हे पेय यादीतून निसटतं. अख्खं फळ खायला हरकत नाही. त्यातला चोथा फ्रुक्टोजचा वेग कमी करतो, शिवाय एका बैठकीत कुणी चार-पाच संत्री खात नाही. एका ग्लास रसात मात्र ती सहज मावतात.

दारूचा मार दुहेरी असतो. ती पचताना युरिक ॲसिड जास्त तयार होतं आणि मूत्रपिंडांतून ते बाहेर पडणंही मंदावतं. बिअर सर्वात वाईट, कारण तिच्यात प्युरिनही असतात. त्याखालोखाल व्हिस्की-रमसारखी कडक दारू. वाइनचा दोष तुलनेने कमी आढळतो, पण ज्यांना झटके येतात त्यांना कुठल्याही दारूने झटका येऊ शकतो. झटके चालू असेपर्यंत पूर्ण बंद ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं, लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं. युरिक ॲसिडचे खडे मूत्रपिंडातही होतात, त्यांच्यासाठीही हे चांगलं. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल, तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची खुशाल घ्या. ती पिणाऱ्यांत गाउट कमी आढळतो. पण आवडत नसताना मुद्दाम सुरू करू नका.

४. ताटातलं काय कमी करायचं, काय तसंच ठेवायचं

कमी करायच्या पदार्थांत सर्वात वर येतात प्राण्यांचे अवयव: यकृत, मूत्रपिंड, मेंदू. हे बंदच करा. मग सार्डिन, अँचोव्ही यांसारखे छोटे तेलकट मासे, शिंपले, कोळंबी आणि लाल मांस. लाल मांस पूर्ण सोडायची गरज बहुतेकांना पडत नाही, प्रमाण आणि वारंवारता कमी केली की पुरे. एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: मांस उकळलं की त्यातले प्युरिन पाण्यात उतरतात. म्हणून ‘हलकं’ समजून आजारपणात दिलं जाणारं मांसाचं सूप गाउटवाल्याला मात्र भारी पडतं.

आता डाळींचं. मामांनी सोडलेल्या जवळपास सगळ्या गोष्टी त्यांनी खायला हव्या होत्या. डाळी, कडधान्यं, पालक, मटार, मशरूम यांत प्युरिन आहेत हे खरं, पण ते खाणाऱ्यांत गाउट वाढलेला दिसत नाही. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं होतं. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउटचं प्रमाण वाढलेलं आढळलं. प्युरिनयुक्त भाज्यांनी ते वाढलं नाही आणि दूध-दह्याने तर कमी झालं. त्यातही कमी स्निग्धांशाच्या दुधाचा फायदा ठळक होता. शाकाहारी माणसाच्या ताटातून डाळी काढल्या तर प्रथिनं आणायची कुठून? मग स्नायू झडतात, अशक्तपणा येतो आणि आकडा हलत नाही. डाळी खा. अंडी खा, त्यांत प्युरिन फारच कमी असतात.

टोमॅटोबद्दल वाद आहे. तो खाल्ल्यावर त्रास होतो असं काही रुग्ण ठामपणे सांगतात. तुम्हालाही तसं वाटत असेल तर वहीत तारखेसह लिहा. दोन-तीनदा तोच अनुभव आला तर तुमच्यापुरता तो टाळा, पण सगळ्या घराचा बंद करू नका.

लिंबूपाणी, व्हिनेगर, चेरी यांच्याबद्दल फार विचारलं जातं. ‘क’ जीवनसत्त्वाने आकडा किंचित उतरतो, चेरी खाणाऱ्यांत झटके कमी आढळले आहेत. पण यातलं काहीही उपचाराची जागा घेत नाही. रोज पाण्यातून खाण्याचा सोडा घेणं मात्र टाळाच. त्यातून सोडियम जातं आणि गाउटच्या अनेक रुग्णांना रक्तदाब असतोच.

५. वजन उतरवा, पण सावकाश

जास्तीचं वजन उतरलं की मूत्रपिंडं युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकू लागतात. उत्साहाच्या भरात कडक उपास मात्र करू नका. उपासात चरबी जळून कीटोन तयार होतात, ते मूत्रपिंडांतून युरिक ॲसिडची वाट अडवतात आणि झटका येतो. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास घट पुरेशी आहे. झटका नसताना रोज चाला, पोहा, सायकल चालवा. घाम गाळणारा व्यायाम असेल तर पाणी जवळ ठेवा. झटक्यात सांध्याला पूर्ण विश्रांती द्या.

६. चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि कमी मात्रेची ॲस्पिरिन यांनी युरिक ॲसिड वाढतं. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून घेऊन जा. काही जणांना लोसार्टनसारखी, युरिक ॲसिड थोडं उतरवणारी रक्तदाबाची गोळी देता येते. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. हृदयासाठीची ॲस्पिरिन तर मुळीच नाही.

७. झटका येण्याआधीच त्याची तयारी ठेवा

झटका बहुधा रात्री येतो आणि औषध जितकं लवकर, तितका आराम लवकर. शक्यतो पहिल्या बारा तासांत. म्हणून बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या: झटका आला तर कोणती गोळी, किती, किती दिवस. कोल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या किंवा स्टेरॉइड यांतलं काय चालेल ते तुमच्या मूत्रपिंडांवर, पोटावर आणि इतर औषधांवर ठरतं. शेजाऱ्याला चाललेली गोळी तुमच्या मूत्रपिंडांना इजा करू शकते.

पाय उशीवर उंच ठेवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा, शेक देऊ नका, चोळू नका. चादरीचा भार नको असेल तर पायावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं ठेवून त्यावरून चादर टाका. एक बाजू उघडी राहील असं कापलं की पाय आत नीट राहतो. मामांना त्या खोक्याने पहिल्यांदा झोप लागली.

सोबत ताप, हुडहुडी असेल किंवा माणूस फार आजारी दिसत असेल, तर वाट बघू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो असाच लाल आणि गरम होतो, आणि काही दिवसांत सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

८. औषध लागलं तर ते पूर्ण पाळा

कडक पथ्यानेही आकडा साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. ज्याचा ६.७ आहे, त्याला तेवढ्याने भागेल. ज्याचा ९ आहे, त्याला भागणार नाही, त्याने कितीही मन मारलं तरी. वर्षाला दोन किंवा जास्त झटके येत असतील, गाठी झाल्या असतील किंवा सांध्याची झीज दिसत असेल, तर ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅटसारखं युरिक ॲसिड उतरवणारं औषध लागतं. ॲलोप्युरिनॉल १९६६ पासून वापरात आहे. त्यामागच्या शास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो औषधनिर्मितीतल्या त्यांच्या अशा कामांसाठी.

हे औषध कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. बहुतेक लोक चुकतात ते इथे. पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. जुने स्फटिक विरघळताना सैल होऊन सुटतात आणि सांधा भडकतो. औषध काम करू लागल्याची ती खूण असते, पण माणूस म्हणतो ‘या गोळीनेच दुखणं वाढवलं’ आणि ती फेकून देतो. म्हणून सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत झटका टाळणारी कमी मात्रेची गोळी देतात. ती दिली नसेल तर विचारा. झटका आला तरी युरिक ॲसिडचं चालू औषध थांबवायचं नसतं. अपवाद एकच: अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर ॲलोप्युरिनॉल लगेच थांबवून डॉक्टरांना गाठा.

मात्रा ठरेपर्यंत दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं, नंतर साधारण सहा महिन्यांनी एकदा. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली, की आकडा पुन्हा चढतो आणि पुन्हा स्फटिक साचू लागतात. मामांचा आकडा आता ५.४ आहे. वहीत तारखेपुढे ते तो स्वतःच्या हाताने लिहितात. डाळ दोन्ही वेळच्या जेवणात असते आणि रसाच्या जागी एक संत्रं, ते सोलून खातात.