गणपतीच्या सुट्टीआधी खताचा ड्रायर रिकामा करा

श्रावणात कोकणातल्या शेडमध्ये ठेवलेलं मीठही पाणी सोडतं, तिथे शेणखत कोरडं कसं राहणार? दाणेदार खत करणाऱ्या गटांच्या रोटरी ड्रायरला, म्हणजे गरम हवेत खत सुकवणाऱ्या फिरत्या पत्र्याच्या ड्रमला, याच दिवसांत आतून खताचा थर चढतो. दोष ड्रमला दिला जातो, पण बहुधा तो आत टाकलेल्या मालाचा असतो.

माल टाकण्याआधी ओलावा मोजा. १०० ग्रॅम नमुना पूर्ण सुकवल्यावर ५० ग्रॅम उरला तर ओलावा ५० टक्के. असा चिकट माल थेट टाकू नका. त्याच्या १०० किलोत आधी सुकवलेलं, १५ टक्के ओलाव्याचं ६० किलो खत मिसळलं की मिश्रण सुमारे ३७ टक्क्यांवर येतं आणि पत्र्याला कमी धरतं. तयार खत परत आत घालणं जिवावर येतं खरं, पण तेच खत पुन्हा बाहेर येतं. मालात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल तर काथ्याचे धागे आधी चाळून काढा; ते ड्रमच्या आतल्या, माल उचलणाऱ्या पात्यांना गुंडाळले की त्यावरच ढेकळं जमतात.

थर सुरू होतो तो माल पडतो त्या तोंडाशी, पहिल्या काही फुटांत. तिथे माल उचलणाऱ्या पात्यांऐवजी पुढे ढकलणाऱ्या तिरक्या पट्ट्या हव्यात. सुट्या साखळ्या आत टांगल्या तरी चालतं; त्यांनी पत्रा घासला जात राहतो. धुराड्याची हवा नेहमीपेक्षा गरम आणि खत मात्र ओलं, असं झालं की पाती बुजली समजा. बाहेरून घण मारू नका. पत्र्याला पोचा पडतो आणि पुढचा थर त्याच खड्ड्यात बसतो.

एका वर्षी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही माल आत ठेवूनच स्विच पाडला. गौरी-गणपती पोचवून आलो तर तोंडाकडचा भाग जांभ्यासारखा घट्ट. पहारीने फोडायला दोन दिवस गेले. तेव्हा आधी माल टाकणं थांबवा, ड्रम रिकामा होऊ द्या, मग आच बंद करून तो थंड होईपर्यंत फिरवत ठेवा. गरम ड्रम थांबला तर वाकतो, म्हणून लाइट गेल्यावर हाताने फिरवायची सोय असू द्या.

उरलेला थर तसाच सोडू नका. वाळलेलं शेण म्हणजे शेणीच; पुढच्या पेटवणीला आतल्या आत धुमसतं. शिवाय खाऱ्या हवेने त्याखाली गंज धरतो आणि खडबडीत पत्र्याला माल लगेच चिकटतो. खरवडायला आत उतरताना ड्रम पूर्ण गार हवा, मेन स्विच पाडून कुलूप लावलेलं, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात आणि दुसरा माणूस तोंडाशी उभा.

सुट्टीनंतर पहिला माल टाकण्याआधी रिकामा ड्रम गरम करून घ्या. थंड पत्र्यावर वाफ धरते आणि त्यावर खताचा लेप बसतो.