गाडीचा टॅक्स ‘एकदाच’ भरलाय? तरीही या चुका टाळा

“टॅक्स तर गाडी घेतानाच भरलाय,” हे वाक्य पुण्यात घरोघरी ऐकू येतं. ते खरंही आहे. महाराष्ट्रात खासगी दुचाकी आणि कारचा एकरकमी कर नोंदणीच्या वेळीच भरून घेतला जातो. पण त्या भरवशावर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, एकदा कपाटात गेली की बाहेर निघत नाही, आणि बाकीच्या तारखा कधी उलटून गेल्या ते कुणाला कळतही नाही.

पंधरा वर्षांची तारीख अंदाजाने धरणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात. सुरुवातीला भरलेल्या एकरकमी करात तो येत नाही.

समजा, एमएच 12 ची एक स्कूटर 12 ऑगस्ट 2011 ला नोंदली गेली. तिची मुदत 11 ऑगस्ट 2026 ला संपते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी 60 दिवसांपासून करता येतो, म्हणजे या स्कूटरसाठी 12 जूनपासून. वहीत लिहायची तारीख 12 जून. 11 ऑगस्ट ही शेवटची रेघ. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला 300 रुपये आणि कारला 500 रुपये जादा शुल्क चढत जातं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गाडीलाही ते लागतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

इथे दोन गफलती नेहमी होतात. एक, दसऱ्याला शोरूममधून गाडी घरी आणल्याची तारीख लक्षात राहते, पण मोजायची असते नोंदणीची तारीख. दुसरी, सेकंडहँड गाडी. तुम्ही ती 2019 मध्ये घेतली म्हणून पंधरा वर्षं तिथून सुरू होत नाहीत. ती पहिल्या मालकाच्या नोंदणीपासूनच चालू असतात.

नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते. संगम पुलाजवळचं आरटीओचं मुख्य कार्यालय आणि तपासणीची जागा एकच असेल असं गृहीत धरू नका. अपॉइंटमेंटच्या पावतीवर ठिकाण वाचूनच निघा. विमा, पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) आणि थकलेली ई-चलनं आधी निपटून ठेवा. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवून घ्या.

“विमा पाच वर्षांचा आहे” असं समजून निर्धास्त राहणं

सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा झाला. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. पॉलिसीवर दोन्ही मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या दोन्ही लिहून ठेवा. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की वर्षानुवर्षं साठवलेला नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

पीयूसीचं थोडक्यात सांगायचं तर बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना वर्षभराची मुदत मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिन्यांची. वरच्या 2011 च्या स्कूटरला वर्षातून दोनदा पंपावर थांबावंच लागणार.

काम अडतं तेव्हा

परिवहनच्या पोर्टलवर नूतनीकरण करायला बसलात आणि ओटीपी येतच नाही? बहुधा तो आरसीला जोडलेल्या जुन्या नंबरवर जात असतो. डीलरने तेव्हा स्वतःचाच नंबर टाकलेला असणं हेही काही विरळ नाही. मुदत संपायची वाट न बघता नंबर आजच बदलून घ्या. चासी क्रमांक हाताशी ठेवा, तो लागतोच.

विमा भरलाय, पण पोर्टलवर जुनीच तारीख दिसते? आधी पॉलिसीवरचा गाडी क्रमांक आणि चासी क्रमांक आरसीशी एकेक अक्षर जुळवून बघा. शून्याच्या जागी ‘ओ’ पडलेला असू शकतो. चूक सापडली तर दुरुस्ती विमा कंपनीकडून करून घ्यायची असते, त्यासाठी आरटीओत खेटे घालू नका.

आणि एक नाजूक गोष्ट. वडील गेल्यावर त्यांची गाडी घरात तशीच वापरली जाते. अशा दिवसांत कागदपत्रं कुणाला सुचणार? तरी मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवणं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर गाडी करून घेणं आवश्यक आहे. हे राहून गेलं की पुढचं प्रत्येक नूतनीकरण तिथेच अडतं. भावंडांपैकी एकाने ही जबाबदारी आपणहून घ्यावी.

टेम्पो, स्कूल व्हॅन, टॅक्सी

धंद्याच्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची तपासणी, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. परमिटची तारीख आणखी वेगळी. कराचा हप्ता चालू असलेली गाडी दुरुस्तीला उभी राहणार असेल, तर ती वापरात नसल्याची सूचना आरटीओला आधीच द्या. मागाहून “गाडी बंदच होती” म्हणून काही उपयोग होत नाही.

मोबाइलवर आलेल्या लिंकवर विश्वास ठेवणं

“तुमचा वाहन कर थकला आहे” किंवा “चलन भरा” असं सांगत व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल) आली तर ती उघडूच नका. अशाच फाइलमधून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. शंका आली तर तो स्वतः टाइप करून गाडीची माहिती बघा.

घरात प्रत्येक गाडीसाठी वहीचं एक पान ठेवा. वर क्रमांक आणि नोंदणीची तारीख, खाली विम्याच्या दोन्ही मुदती, पीयूसी आणि नूतनीकरणाचा अर्ज कधीपासून करता येईल तो दिवस. सगळं आरसी आणि पोर्टलवर बघून लिहा. पीयूसी काढून आलात की त्याच संध्याकाळी जुनी तारीख खोडून नवी टाका, आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये घरातल्या दोघांना तरी आठवण लावून ठेवा.