जुन्या पीसीवर लिनक्स: डिस्कची वाटणी कशी करावी

माळ्यावरून काढलेला पेंटियम 4, रॅम 512 एमबी आणि कुठून तरी मिळालेली 160 जीबीची डिस्क, असं समजू. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात आवृत्ती 13 पासून 32-बिट, म्हणजे अशा जुन्या पीसीसाठीचा, इन्स्टॉलर नाही, म्हणून डेबियन 12 घ्या. आधी कागद-पेन. वाटणी झाल्यावर बांध सरकवणं शेतात जिकिरीचं, डिस्कवरही तसंच.

पहिलं काम डिस्कची तब्येत बघणं. लाइव्ह सीडीवरून (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढा. 'रीअलोकेटेड सेक्टर'चा (खराब झाल्याने बदलून दिलेल्या तुकड्यांचा) आकडा वाढत असेल तर ती डिस्क सोडा.

मग बायोस, म्हणजे मशीन चालू होताच आधी धावणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम. इथेच बहुतेकांची फसगत होते. जुन्या बायोसला 137 जीबीच्या पलीकडचं दिसत नाही (28-बिट पत्ता, प्रत्येक सेक्टर 512 बाइट, हिशेब करून बघा). त्याहून जुन्यांची नजर 8.4 जीबीलाच संपते. लिनक्स एकदा सुरू झालं की डिस्क स्वतः वाचतं, त्याला बहुधा सगळी दिसते. पण कर्नल (लिनक्सचा गाभा) उचलून आणताना ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, बायोसवरच विसंबतो. त्यामुळे सगळं एकाच पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वाट्यात) टाकलं तर पहिल्या दिवशी मशीन झकास चालतं, आणि काही महिन्यांनी अपडेटमधलं नवं कर्नल 137 च्या पलीकडे जाऊन पडलं की बूटच होत नाही. दोष मात्र अपडेटला!

म्हणून डिस्कच्या अगदी सुरुवातीला /बूट (इथे कर्नल राहतं), 500 एमबी. त्याला लागून स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा), 1 जीबी; सुरुवातीचा भाग म्हणजे तबकडीची बाहेरची कड, तिथे वेग जास्त मिळतो. नंतर रूट (खुद्द सिस्टिम आणि प्रोग्राम), 15 जीबी. उरलेलं सगळं /होम, म्हणजे तुमच्या फाइल्स. /व्हार (लॉग वगैरे सतत बदलणाऱ्या फाइल्स) वेगळं काढा असा सल्ला मिळेल. सर्व्हरला ठीक, घरच्या मशीनवर एक खोली तुंबते आणि शेजारची रिकामी राहते.

एमबीआरमध्ये (डिस्कच्या सुरुवातीच्या जुन्या पद्धतीच्या वाटणी-तक्त्यात) प्रायमरी पार्टिशनं चारच बसतात. विंडोजही ठेवायचं असेल तर चौथं एक्स्टेंडेड (आत आणखी वाटे मावणारं) करून बाकीची त्यात लॉजिकल करा. त्यांचे क्रमांक थेट 5 पासून सुरू होतात, गोंधळू नका.

स्वॅप सोडून सगळीकडे एक्स्ट-4 (फाइल्स मांडून ठेवायची पद्धत) चालेल. ते 5 टक्के जागा रूटसाठी (इथे पार्टिशन नव्हे, मुख्य प्रशासक वापरकर्ता) राखून ठेवतं. /होममध्ये ते जवळपास 7 जीबी होतात. इन्स्टॉलरमध्येच तिथे 1 टक्का करा.

'बदल डिस्कवर लिहायचे का?' असं विचारेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलेलं नसतं. 'हो' म्हणण्याआधी पडद्यावरचे आकडे कागदाशी ताडून बघा, आणि डिस्क तीच आहे ना तेही.