व्हिडिओ इन्स्टॉलेशन करायचंय? आधी भिंती बघा

अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत चार वर्षं मी एडिटिंग केलं. मग एका उत्सवासाठी आठ भिंतींच्या मंडपात आतून व्हिडिओ दाखवायचं काम आलं. व्हिडिओ इन्स्टॉलेशनमध्ये, म्हणजे जागेलाच पडदा करून व्हिडिओ मांडण्याच्या कामात, नव्याने येणाऱ्यांना मी आधी त्या कामाबद्दल सांगते.

पडदा पांढरा असतो म्हणून आम्ही भिंतीही पांढऱ्याशुभ्र रंगवल्या. प्रोजेक्टर सुरू केले आणि ससून डॉकवर पहाटे घेतलेलं काळं पाणी दुधात कालवल्यासारखं दिसायला लागलं. मी रंग तपासले, फाइल बदलली, सगळ्या केबल पुन्हा लावून बघितल्या. पण चूक भिंतींत होती. बंद जागेत एका भिंतीवरचा उजेड समोरच्या भिंतीवर जातो, तिथून परत येतो आणि सगळा काळा रंग धुऊन टाकतो. चित्रपटगृहाच्या बाजूच्या भिंती गडद का ठेवतात, ते मला त्या रात्री उमगलं. उद्घाटनाला दोन दिवस होते. रंगारी बोलावून भिंती राखाडी केल्या, खाली काळं कार्पेट अंथरलं. चित्र थोडं मंदावलं, पण समुद्र पुन्हा काळा झाला.

म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी उजेडाचा हिशोब शिका. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टर टाकतो तो एकूण उजेड, लक्स म्हणजे त्यातला एका चौरस मीटरवर पडणारा. ५००० ल्युमेनचा प्रोजेक्टर ४ बाय २.५ मीटरच्या चित्रावर साधारण ५०० लक्स देतो. भिंतीवर बाहेरचा ५० लक्स उजेड येत असेल, तर पांढरा ५५० आणि काळा ५०, म्हणजे प्रोजेक्टरच्या डब्यावर कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) काहीही छापलेला असो, तुमच्या हाती ११ पटच. दार, फट, बाहेरचा फूडस्टॉलचा बल्ब, सगळं संध्याकाळी स्वतः उभं राहून बघा.

मग अंतर. थ्रो रेशो, म्हणजे प्रोजेक्टरचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट, १.५ असेल तर ४ मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ६ मीटर लांब हवा. छोट्या मंडपात तेवढी जागा नसते, आणि असली तरी मध्ये माणसं असतात. ०.८ची लेन्स मिळाली तर ३.२ मीटरमध्ये भागतं. भाड्याने घेताना लेन्सचा आकडा पावतीवर लिहून घ्या. आम्हाला एकदा भलतीच लेन्स आली होती.

दोन प्रोजेक्टरचं चित्र जोडताना, म्हणजे एज ब्लेंडिंगमध्ये, मी २० टक्के भाग एकमेकांवर ठेवते. १९२० पिक्सेलच्या दोन चित्रांत ३८४ पिक्सेल सामाईक होतात, हाती ३४५६ उरतात. रात्रीच्या दृश्यात त्या पट्ट्यात काळा दुप्पट उजळ दिसतो, कारण प्रोजेक्टरचा काळा पूर्ण काळा नसतोच. जोड शक्यतो चित्रातल्या उजळ जागी येऊ द्या. टचडिझायनर या व्हिडिओ रचायच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती १२८० बाय १२८०पर्यंतच चित्र देते, पण सरावाला तेवढी भरपूर.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मंडपवाल्या काकांनी. त्यांचं अर्धं आयुष्य लालबाग-परळच्या गणपतीच्या मंडपांत गेलेलं. छताला मांजरपाट लावायचा होता. ते म्हणाले, “पोरी, नवं कापड तसंच नको ताणूस. आधी पाण्यातून काढ, खळ जाऊ दे, आटायचं ते आटू दे.” मग काठाला बांबू शिवून, सुतळीने कोपऱ्यांकडून मधल्या भागाकडे ताणत गेले. एक सुरकुती राहिली नाही. ही विद्या कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मला सापडलेली नाही.

जुनी कामंही अभ्यासा. १९५८च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात वास्तुकार ल कॉर्बूझिए, त्यांचे सहकारी झेनाकिस आणि संगीतकार एडगार व्हारेझ यांनी फिलिप्स कंपनीच्या पॅव्हिलियनमध्ये प्रतिमा आणि आवाजाचा ८ मिनिटांचा प्रयोग बांधला होता. वास्तूचा आकारच त्या प्रयोगाचा भाग होता. आपल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या चित्रकार नलिनी मलानी यांचं काम तर जरूर बघा. चित्रं काढलेले पारदर्शक दंडगोल फिरतात, त्यांतून प्रकाश जातो आणि भिंतींवर सावल्या व व्हिडिओ एकत्र वावरतात. सावली ही अडचण नसून साहित्य आहे, हे मी तिथे शिकले. वरळीच्या नेहरू तारांगणात जाऊन घुमटाखाली मान वर करून बसा, चित्राला चौकट नसली की शरीराला काय होतं ते कळेल.

माणसं मधोमध उभी राहतील असं धरून आम्ही सगळं रचलं होतं. पहिल्या संध्याकाळी बहुतेक जण आत येऊन भिंतीला टेकून बसले, समुद्राचं पाणी त्यांच्या डोक्यांवरून, खांद्यांवरून वाहू लागलं. दुसऱ्या सकाळी काका परांचीवर चढले आणि आम्ही सगळे प्रोजेक्टर फूटभर वर घेतले.